श्रमबल सर्वेक्षणात दिव्यांगांचा रोजगार कसा मोजतात: पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

या सर्वेक्षणासाठी अर्ज करता येत नाही. घर नमुन्यात निघावे लागते. जानेवारी २०२५ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात निवडलेल्या घरी सलग चार महिने प्रगणक येतो. त्याचे ओळखपत्र जरूर पाहा.

दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसले तरी कामाची माहिती नोंदवली जाते. ४० टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, सर्वेक्षणासाठी नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ च्या ७६ व्या फेरीत, म्हणजे खास दिव्यांगांच्या पाहणीत, प्रमाणपत्र असलेले २८.८ टक्केच निघाले होते. कागद मागितला असता तर बाकीचे मोजलेच गेले नसते.

खरी गडबड कामाच्या कोडात, म्हणजे प्रत्येकाची कामाची स्थिती नोंदवायच्या आकड्यात होते. कोड ९५ म्हणजे ‘अपंगत्वामुळे काम करण्यास असमर्थ’. माहिती बहुधा कुटुंबप्रमुख देतो. पोलिओमुळे पाय अधू असलेला भाऊ रोज घरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो, पण प्रमुख सांगतो, “तो घरीच असतो.” झाले, ९५ पडला! खरे तर पगार नसला तरी घरच्या धंद्यातला मदतनीस म्हणून त्याचा कोड २१. म्हणून शक्यतो त्या व्यक्तीलाच बोलू द्या, आणि “नोकरी आहे का?” एवढ्यावर न थांबता शिवण, शेळ्या, दुकान, शेत असे एकेक सांगा. वर्षाचा मोठा भाग कामाशिवाय गेला असला तरी ३० दिवस किंवा जास्त केलेले काम दुय्यम काम म्हणून धरतात, आणि ती व्यक्ती काम करणारी ठरते. साप्ताहिक स्थितीत, म्हणजे फक्त गेल्या आठवड्याचा हिशेब धरताना, गेल्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केले तरी पुरते.

आकडे वाचताना बेरोजगारी दरावर विसंबू नका. ७६ व्या फेरीत १५ वर्षांवरील दिव्यांगांत तो फक्त ४.२ टक्के होता. दर हजारी हिशेब मांडा: काम करणारे २२८, काम शोधणारे किंवा कामाला तयार असलेले सुमारे १०, उरलेले ७६२ श्रमबलाबाहेर; दर काढतात तो फक्त आतल्या २३८ वर. काम शोधत नाहीत आणि कामाला तयारही नाहीत, असे लोक याच ७६२ मध्ये. बेरोजगारांत त्यांची गणती नाही.

मूळ विदा (डेटा) हवी असेल तर सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करा. ७६ व्या फेरीची प्रश्नावली क्रमांक २६ आहे. विदेसोबतची लेआउट फाइलही (कोणत्या रकान्यात काय आहे ते सांगणारी) उतरवून घ्या आणि मल्टिप्लायर (नमुन्यातली एक नोंद किती लोकांच्या जागी आहे तो आकडा) लावूनच टक्के काढा; नुसत्या ओळी मोजून आलेला आकडा चुकीचा असतो.