कोंबडा नाही म्हणून अंडी नाहीत?
गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोंबडी अंडी द्यायची थांबली की सल्ला ठरलेला: ‘कोंबडा आणा.’ कोंबडा पिल्लांसाठी लागतो. अंडं त्याच्यावाचूनही येतं.

खरी अडचण बहुधा उजेडाची. नियमित अंड्यांसाठी साधारण १४ ते १६ तास उजेड हवा, आणि डिसेंबरात गोव्यातला दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. त्यात पिसं झडत असली की खाल्लेलं सगळं नव्या पिसांत जातं. खुराड्यात हात घालताच अंग फुगवून गुरगुरते ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. तिचं अंडं तूर्त विसरा. गावठी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, तर ६-७ महिन्यांची झाल्याशिवाय सुरूच होत नाही. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांचा चुरा मात्र घाला, कवच बळकट होतं.

शेजाऱ्यांनी कोंबडा आणलाच. तो पहाटे चारला आरवतो. अंडी फेब्रुवारीत आली.