राजाबाई टॉवर ते शोधगंगा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. ग्रंथालयाची इमारत मात्र पुरी झाली १८७८च्या नोव्हेंबरात. मधल्या एकवीस वर्षांत काही अडले नाही, कारण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेले हे विद्यापीठ तेव्हा शिकवतच नव्हते. परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम. शिकवणे कॉलेजांकडे, पुस्तकेही त्यांच्याकडेच.

ग्रंथालय झाले ते कापसाच्या पैशातून. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंद या सट्टेबाज व्यापाऱ्याने १८६४मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे तेवढेच मनोऱ्यासाठी, आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे म्हणून. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट निम्मी मुंबई बुडाली. देणगी तेवढी आधीच विद्यापीठाच्या पदरात पडली होती. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही. पर्यटक २८० फुटी मनोऱ्याचे फोटो काढतात. खाली वाचनकक्ष आहे हे अनेकांना ठाऊकही नसते.

संग्रहातला मोलाचा भागही असाच, लोकांनी दिलेला. संस्कृत-प्राकृत पोथ्यांमध्ये भगवतसिंहजी आणि भडकमकर हे दोन संग्रह आहेत. त्यांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली, ती १९४४मध्ये छापली गेली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची त्याआधी, १९३५ची. कायदेपंडित आसफ फैजी यांनी दिलेल्या इस्माइली (शिया मुस्लिमांतल्या एका पंथाच्या) हस्तलिखितांची १९६५मध्ये आली. हा संग्रह म्हणजे एरवी बाहेरच्यांना सहसा न दाखवले जाणारे साहित्य. सूचीकार एकेक पोथी उघडून तिचा आरंभ, शेवट, पानांची संख्या नोंदवत. हे काम कुठलेही सॉफ्टवेअर आपणहून करत नाही, म्हणून त्या सूच्या आजही उपयोगी आहेत.

डिजिटल सेवांची सुरुवातही महाराष्ट्रातली. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारा 'इन्फ्लिबनेट' प्रकल्प १९९१मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात सुरू झाला. १९९६मध्ये स्वतंत्र केंद्र झाले, ते गुजरातेत. पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यावेत हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २००९चा, आणि त्यातून 'शोधगंगा' हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार उभे राहिले. पूर्वी प्रबंधाच्या दोन-चार प्रती कपाटात पडून असत. आता सांगलीतला विद्यार्थी लॉगिनशिवाय तो वाचतो. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल. मराठी प्रबंधांबाबत मात्र रड आहे. कित्येक नुसते स्कॅन केलेले, काही युनिकोड ही अक्षरांची प्रमाण संगणकीय पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमधले, त्यामुळे आत शब्द शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

नियतकालिकांचे गणित वेगळे. छापील अंकाची वर्गणी भरली की अंक कायमचा आपला. ई-जर्नलमध्ये बहुधा वाचायची परवानगी मिळते, तीही मुदतीपुरती. एकेका विद्यापीठाला ते परवडेना, म्हणून २००३पासून सामायिक खरेदी आली. २०१५मध्ये निरनिराळ्या योजना एकत्र करून 'ई-शोधसिंधू' झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक देश, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिके, केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. खर्च ६ हजार कोटी रुपये आणि मुदत २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची.