व्हिया कार्लोस पासची गारपीट: एका डोंगरी शहराची पार्श्वभूमी

८ फेब्रुवारी २०१८ रोजी अर्जेंटिनातल्या व्हिया कार्लोस पास शहरावर अक्षरशः शहाळ्याएवढ्या गारा पडल्या. त्यातल्या एका गारेची लांबी १८ सेंटिमीटर भरली. दुसरी एक गार व्हिडिओत सापडली. चित्रावरून मोजमाप काढल्यावर ती १८.८ ते २३.७ सेंटिमीटरच्या दरम्यान असावी, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी २०१० साली पडलेली २०.३ सेंटिमीटरची गार आकारात जागतिक विक्रम मानली जाते. म्हणजे हा विक्रम कदाचित त्या दिवशी मोडलाही असेल.

असं इथेच का घडावं, याचं उत्तर भूगोलात आहे. शहर कोर्दोबा प्रांतातल्या पुनिया खोऱ्यात, सान रोके तलावाच्या काठी वसलं आहे. भोवती सिएर्रास दे कोर्दोबाच्या डोंगररांगा आहेत. उन्हाळ्यात अॅमेझॉनच्या खोऱ्यातून निघालेली दमट हवा अँडीजच्या पूर्व पायथ्याने थेट दक्षिणेकडे वाहत येते. तिच्यावर अँडीज ओलांडून आलेली कोरडी हवा झाकणासारखी बसते. खालची हवा तापत राहते, पण तिला वर जायला वाव मिळत नाही. दुपारी डोंगरउतारांवर हवा उचलली जाते, झाकण फुटतं आणि ढग बघता बघता प्रचंड उंची गाठतो. अशा ढगातला वर चढणारा झोत गारेला खाली पडू देत नाही. गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले थेंब तिच्यावर थिजत जातात आणि ती वाढत राहते.

या भागातली वादळं असामान्य आहेत, हे जगाला नीट कळलं ते उपग्रहांमुळे. १९९७ मध्ये पाऊस मोजण्यासाठी सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहाच्या नोंदी तपासल्यावर, पृथ्वीवरच्या सर्वांत तीव्र गडगडाटी वादळांच्या प्रदेशांत आग्नेय दक्षिण अमेरिकेचं नाव आलं. जमिनीवरच्या नोंदी मात्र तुटपुंज्या होत्या. त्यात नवल नाही. गार हा पुरावा तासाभरात विरघळून जातो. २०१५ मध्ये कोर्दोबात अर्जेंटिनातच बनवलेलं हवामान रडार बसलं, म्हणून २०१८ चं वादळ टिपता आलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस वादळांचा अभ्यास करणारी रेलाम्पागो ही मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम याच भागात उतरली. संशोधकांनी फेब्रुवारीतल्या गारपिटीबद्दल रहिवाशांना गाठून विचारलं, फोनमधले फोटो-व्हिडिओ गोळा केले. एक गार घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलेली होती. तिचं लेझर स्कॅनरने त्रिमितीय चित्रण झालं, लांबी ११.३८ सेंटिमीटर. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १५ सेंटिमीटरहून मोठ्या गारांसाठी ‘महाकाय’ असा वेगळा गट सुचवला. मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती फ्रीझरमधली गार. ती कुणी ठेवली नसती, तर शास्त्रज्ञांच्या हाती निव्वळ चित्रं राहिली असती.

धोक्याचा काळ साधारण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे दक्षिण गोलार्धातला वसंत आणि उन्हाळा. आपल्याकडे गारपीट म्हटलं की द्राक्षबागा, गहू, हरभरा डोळ्यांपुढे येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चने महाराष्ट्राला ते दाखवलं आहे. इथे प्रश्न शेतीपेक्षा माणसांचा आहे. जानेवारी-फेब्रुवारी हाच या शहराचा पर्यटनाचा हंगाम. तलावाकाठी, नदीत, मोकळ्या रस्त्यांवर गर्दी असते, आणि पाहुण्यांना इथल्या दुपारच्या ढगांची ओळख नसते. एवढ्या मोठ्या गारा ताशी शंभर किलोमीटरच्या बऱ्याच पुढच्या वेगाने येतात. गाडीची काच किंवा साधं कौल त्यांच्यापुढे टिकत नाही.

वादळ येणार याचा इशारा आता आधी देता येतो. पण गारा सुपारीएवढ्या पडतील की जीवघेण्या, आणि नेमक्या कुठल्या वस्तीवर, हे आगाऊ सांगणं अजूनही फार अवघड आहे. म्हणून कोर्दोबात नागरिकांच्या सहभागातून गारांच्या नोंदी ठेवण्याचा उपक्रम चालतो: वादळ पूर्ण सरल्यावरच बाहेर पडायचं, गारेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, वेळ-ठिकाण लिहायचं आणि गार पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायची.