छेदात न मोजलेली बाळं

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकमृत्यू नोंदले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर ८२८. हा आकडा शब्दशः खरा मानला, तर गिरणगावात पुढची पिढी उरायलाच नको होती!

गोम अपूर्णांकात होती. अंशात मृत्यू, छेदात जन्म. अंत्यसंस्कारामुळे मृत्यू सहसा दप्तरी लागे. खोलीतच झालेला जन्म मात्र कळवायला कोण जाणार? शिवाय बाई बाळंतपणाला माहेरी, रत्नागिरीकडे गेली, तर जन्म गावाकडचा. तिथून आणलेलं बाळ चाळीत दगावलं की मृत्यू मुंबईच्या खाती. अंश फुगायचा, छेद आटायचा.

चाळीचाळींतून फिरणाऱ्या पालिकेच्या नर्सबाईचं काम मला म्हणूनच दुहेरी वाटतं. ती बाळंतिणीची विचारपूस करी आणि न नोंदलेलं बाळही तिच्या नजरेस पडे. समजा, त्या हजार जन्मांशेजारी आणखी ५०० सापडले. मृत्यू तेवढेच धरले, तरी दर ६६७ वरून ४४५ वर येतो. एकही जीव न वाचवता! पुढच्या वर्षांतली घट वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

पण मेलेली बाळं काही कागदी नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की धनुर्वाताचे जंतू आत शिरत. कोंदट, धुरकट खोलीत छातीचे विकार बळावत. आणि बाळगोळी, म्हणजे बाळाला द्यायची अफूची गोळी! १९२२ मध्ये डॉ. बार्न्सबाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळपास सगळ्याच, ९८ टक्के, बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. अफूने श्वास मंदावतो आणि भूकही मरते. गुंगीतलं बाळ दूध मागत नाही, रडत नाही, वाळत जातं. आईला दोष देणं सोपं आहे. ती दिवसभर गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात, पान्हा दाटलेला, आणि बाळ शेजारणीकडे.

‘अंगावर पाजा’ हा नर्सबाईचा सल्ला बरोबरच होता, पण रजा तिच्या हातात नव्हती. रजा आली १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार, रोज आठ आणे. पाचव्या आठवड्यात बाई पुन्हा खात्यावर.