तीन थेंबांचा ब्रेक

जुन्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक बिघडू लागला की ते आधी बोटांना कळतं. लिव्हर जिथे ठामपणे अडायला हवा, तिथे तो मऊ लागतो आणि आणखी आत जातो. लगेच दुसऱ्यांदा दाबला तर जरा घट्ट वाटतो, थोडं थांबून दाबला तर पुन्हा मऊ. पॅड नवे आहेत, डिस्कही चांगली आहे, तरी हे होतं. अशा वेळी संशय घ्यावा तो लिव्हरचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या नळीवर आणि तिच्यातल्या ऑइलवर. नळी बदलून ब्रेकमधली हवा काढण्याचं काम घरी करता येतं. पण हवा नेमकी कुठे आणि का अडून बसते हे कळलं नाही, तर तासभर लिव्हर दाबूनही ब्रेक मऊच राहतो.

आधी थोडा हिशोब करू. बोटांनी लिव्हरवर साधारण ६ किलो वजनाइतका जोर दिला, तर लिव्हरच्या तरफेमुळे मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरजवळ ऑइल दाबणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनवर त्याच्या पाचपट, म्हणजे ३० किलोइतका जोर पोहोचतो. हा पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर ऑइलमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २४ पट होतो. ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितल्याप्रमाणे बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, ३० मिलिमीटरचा पिस्टन असेल, तर त्याचं क्षेत्रफळ वरच्याच्या साडेपाच पट भरतं आणि तो पॅडला १७० किलो वजनाइतक्या जोराने डिस्कवर दाबतो. १९६९ साली होंडा सीबी ७५० ने पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रोजच्या वापरातल्या मोटरसायकलींमध्ये रुळवला. तेव्हापासून यंत्रणेचा हा गाभा तोच आहे.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू. पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर असतं ते केसाएवढं. कॅलिपरचा पिस्टन ०.२ मिलिमीटर सरकला तरी पुरतं, आणि तेवढ्यासाठी ऑइल लागतं सुमारे ०.१४ मिलिलिटर. म्हणजे तीन थेंब! पूर्ण वेगातली गाडी थांबते ती या तीन थेंबांच्या हालचालीवर. ब्रेक ऑइल २४ पट दाबाखाली हजारात एखाद-दोन भागच आकसतं, म्हणून ते तीन थेंब जसेच्या तसे खाली पोहोचतात. हवेचं तसं नाही. दाब जितका वाढेल तितकं हवेचं आकारमान घटतं. यंत्रणेत अर्धा मिलिलिटर, म्हणजे दहा थेंब मावतील एवढी हवा असेल, तर २४ पट दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा भरायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन पावणेचार मिलिमीटर जास्त सरकावा लागतो. लिव्हरच्या टोकाला हे अंतर होतं जवळपास दोन सेंटिमीटर. बोटांना लागणारा मऊपणा तो हाच.

नळी जुनी झाली की आणखी भर पडते. मूळची नळी रबराची असते आणि तिच्या पोटात धाग्यांचं विणकाम असतं. हवेतला ओझोन आणि ऊन यांनी बाहेरच्या रबराला बारीक चिरा पडतात. टोकांजवळ नळी वाकवून पाहिली की त्या दिसतात. आतल्या थराचा बिघाड मात्र दिसत नाही. तो थर फुगून त्याची एखादी पापडी सुटली, तर ती झडपेसारखी वागते: ऑइल खाली जातं, परत येत नाही, आणि लिव्हर सोडूनही ब्रेक धरून राहतो. कॅलिपर खोलून, पिस्टन पॉलिश करूनही चाक जड फिरत असेल, तर एकदा नळीकडे पाहा. अनेक मॅन्युअल दर चार वर्षांनी नळी आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, ते उगाच नाही.

ऑइल बदलायचं कारण पाणी. ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइलं ग्लायकॉल ईथर जातीची आहेत. हवेतला ओलावा ती झाकणातून, अगदी रबराच्या नळीतूनसुद्धा ओढून घेतात. ताजं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जिवाशी येतो. लिव्हर दाबलेला असतो तोवर दाबामुळे उकळी रोखलेली असते. तो सोडला की वाफ धरते आणि पुढच्या वेळी लिव्हर थेट मुठीला टेकतो. तरीही ओलावा शोषण्याच्या या स्वभावाला मी दोष देणार नाही. पाणी ऑइलमध्ये मिसळलं नसतं, तर ते कॅलिपरच्या तळाशी थेंब होऊन साचलं असतं, तिथे गंज चढला असता आणि १०० अंशांनाच त्याची वाफ झाली असती. सिलिकोनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, पण ते यातल्या कोणत्याही ऑइलमध्ये मिसळायचं नाही. नावात साम्य असलं तरी डॉट ५ आणि डॉट ५.१ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

प्रत्यक्ष कामात नळी बदलणं हा सोपा भाग. हे ऑइल रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाकायचं आणि जवळ बादलीभर पाणी ठेवायचं. थेंब सांडला तर पुसत बसू नका, त्यावर पाणी ओता. पाण्याच्या ज्या ओढीने ऑइल खराब होतं, तीच इथे रंग वाचवते. नळीच्या दोन्ही टोकांना बॅन्जो बोल्ट, म्हणजे ऑइल आतून जाऊ देणारे पोकळ बोल्ट, असतात आणि प्रत्येक जोडाला दोन मऊ वॉशर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. बोल्ट आवळताना हा मऊ धातू दाबला जाऊन पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचांमध्ये शिरतो आणि जोड गळत नाही. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो, पुन्हा तसा शिरत नाही. म्हणून वॉशर दर वेळी नवेच. बोल्ट पोकळ असल्याने त्याला अंदाजाने जोर देऊ नका. टॉर्क पाना आणि मॅन्युअलमधला आकडा घेऊनच तो आवळायचा. बोल्ट पक्का करण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, नळी कुठे ताणली किंवा पिळली जाता कामा नये.

नवी नळी अर्थातच रिकामी असते. खरी मेहनत इथून पुढे.

आपल्याला वाटतं, हवा हलकी, ती आपोआप वर येईल. रुंद भांड्यात ती येतेच. पण १९६१ साली संशोधक ब्रेदरटन यांनी दाखवून दिलं की बंद टोकाच्या उभ्या नळीचा व्यास एका मर्यादेहून कमी असेल, तर ती नळी भरून टाकणारा बुडबुडा वर चढतच नाही. पृष्ठताण त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. पाण्यासाठी ही मर्यादा सुमारे ५ मिलिमीटर आहे. ब्रेक ऑइलचा पृष्ठताण पाण्याहून कमी असल्याने त्याची मर्यादा आणखी खाली येते, पण ब्रेकच्या नळीचा आतला व्यास असतो जेमतेम ३ मिलिमीटर. कॅलिपरवर हवा काढण्यासाठी निपल नावाचा छोटा पोकळ स्क्रू असतो, त्याला जोडलेल्या पारदर्शक नळीत हे डोळ्यांनी दिसतं. बुडबुडा मध्येच उभा राहतो, नळीला टिचकी मारली तरी तसूभर हलत नाही.

ही अडचण वाटते, पण तिचा फायदाही आहे. जो बुडबुडा आपणहून वर चढत नाही, त्याला ऑइलच्या प्रवाहाने खाली ढकलत नेता येतं. लिव्हरच्या एका पूर्ण दाबात सव्वा मिलिलिटर ऑइल सरकतं असं धरलं, तर नळीतला बुडबुडा सुमारे १८ सेंटिमीटर खाली जातो. मीटरभर नळीला असे पाच-सहा दाब. क्रम ठरलेला आहे: लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, लिव्हर खाली बसला की निपल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. शेवटच्या दोन पायऱ्या उलटल्या तर तेवढंच ऑइल, आणि त्याच्याबरोबर तो बुडबुडाही, मागे ओढला जातो. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीतली पातळी सतत बघत राहा. ती एकदा रिकामी झाली की नव्याने सुरुवात.

रुंद जागांचा नियम मात्र वेगळा. मास्टर सिलिंडरमध्ये आणि कॅलिपरच्या पोटात बुडबुडे खरोखर वर चढतात आणि सर्वांत उंच कोपऱ्यात जमतात. म्हणून कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला असतं. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा निर्वात पंप लावला होता. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची रांग थांबेना, आणि तासभर मी कॅलिपरलाच दोष देत राहिलो. ती हवा निपलच्या आट्यांमधून बाहेरूनच ओढली जात होती. खरी हवा बसली होती वरच्या बॅन्जो बोल्टमध्ये, जिथे प्रवाहाला वळसा पडतो. तिथे फडकं गुंडाळलं, लिव्हर हलका दाबून धरला आणि तो बोल्ट जरासा सैल केला. फेस आला, मागोमाग स्वच्छ ऑइल. बोल्ट आवळून लिव्हर दाबला तेव्हा तो पहिल्यांदाच अडला.

उरलेल्या बारीक बुडबुड्यांसाठी टाकीचं झाकण काढून लिव्हर फक्त काही मिलिमीटर हलवायचा, हळू आणि पुन्हा पुन्हा. टाकीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. लिव्हर सुटलेला असताना ऑइलला परतायची वाट तीच. दाबाच्या सुरुवातीला त्यातून ऑइलची छोटी कारंजी उसळते आणि तिच्याबरोबर एखादा बुडबुडा वर येऊन फुटतो. कारंजी दिसलीच नाही, तर छिद्र बुजलेलं असू शकतं आणि ते आधी साफ करायला हवं, नाहीतर तापलेलं ऑइल परत येऊ शकणार नाही आणि ब्रेक आपोआप धरेल.

रात्री लिव्हर मुठीला पट्ट्याने बांधून ठेवा. दाबाखाली बुडबुडे लहान होतात आणि चिकटलेल्या जागा सोडतात. सकाळी पट्टा सोडण्याआधी दोन्ही बॅन्जो जोडांखाली कोरडा कागद दाबून बघा, ओलसर डाग उमटायला नको. मग पट्टा काढा, टाकीची पातळी पाहा, झाकण लावा आणि इंजिन बंद ठेवून गाडी चालण्याच्या वेगाने ढकलत चार-पाच वेळा ब्रेक लावा. लिव्हर दर वेळी त्याच जागी अडायला हवा. जरासा जरी आत गेला, तरी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, पुन्हा पाना हातात घ्यायचा.