व्यावसायिक संवादातील विशेष विषय

कार्यालय, कारखाना, रुग्णालय, बँक अशा ठिकाणी काम पार पाडण्यासाठी जे लिहिले आणि बोलले जाते, त्याचा अभ्यास म्हणजे व्यावसायिक संवाद. पदवीच्या पायाभूत पेपरात पत्र, अहवाल, इतिवृत्त आणि सादरीकरण शिकवतात. ‘विशेष विषय’ हा त्यापुढचा पेपर. त्याचे नाव कायम राहते, आतला विषय मात्र सत्रागणिक बदलतो. कधी आपत्तीकाळातील संवाद, कधी अनुदानाचे प्रस्ताव, कधी यंत्राची वापरपुस्तिका. अमेरिकेतील विद्यापीठांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तेथे चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचे प्रकरण अनेकदा अभ्यासाला असते. यानाच्या रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या निकामी होण्याचा धोका अभियंता रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवला होता. २८ जानेवारी १९८६ रोजी यान उड्डाणानंतर लगेचच नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर दगावले. इशारा लिहिला गेला असूनही निर्णय घेणाऱ्यांपर्यंत त्याचे गांभीर्य का पोहोचले नाही, हा प्रश्न विद्यार्थी मूळ कागदपत्रे वाचून सोडवतात.

बेळगाव आणि लगतच्या सीमाभागात हा अभ्यास वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेला आहे. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय (१९९८) आहे आणि राणी चन्नम्मा विद्यापीठही (२०१०). तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी संभाषणात्मक इंग्रजी आणि व्यावसायिक इंग्रजी लेखन हे पेपर होते. शिवाय कन्नड जाणणाऱ्यांना ‘सांस्कृतिक कन्नड’ आणि न जाणणाऱ्यांना ‘बळके कन्नड’ (वापरातले कन्नड) होते. या मांडणीत मराठीला जागा नव्हती. खानापूर, निपाणी किंवा शहरातल्या शहापूर-वडगाव भागातला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, तहसीलदार कचेरीत कन्नड वाचतो आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत करतो. घरातल्यांचे अर्ज लिहून देणे, आलेली नोटीस वाचून सांगणे हे काम तो शाळेपासून करत असतो. महाविद्यालयात त्याच कामाला शास्त्र आणि शिस्त मिळाली पाहिजे. सीमाभागात ‘विशेष विषय’ या पेपरासाठी तीन भाषांतल्या अशा लेखनाहून योग्य विषय दुसरा नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज हे त्याचे उत्तम उदाहरण. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(१) नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे बेळगावात कन्नडचा पर्याय आहे, मराठीचा नाही. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. मनातला सगळा राग आणि समस्येचा सगळा इतिहास बाजूला ठेवून, कोणत्या कामाचे, कोणत्या वर्षाचे, कोणते कागद हवेत एवढेच लिहायला ही मर्यादा भाग पाडते. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लेखी स्वरूपात उतरवण्यासाठी अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असेही याच कलमात आहे. तक्रारीची गोष्ट वेगळी. घटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते, त्यामुळे तक्रार मराठीत देण्याचा हक्क आहे. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याबद्दल अनुच्छेद काही म्हणत नाही. एकच पाणीप्रश्न माहिती अर्ज म्हणून कन्नडमध्ये आणि तक्रार म्हणून मराठीत लिहायला दिला, तर हक्क आणि लेखन दोन्ही एकाच तासात शिकवता येतात.

स्थानिक भाषिक गटाचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करण्याचे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेले आहे. अशा सूचनांचा मराठी मसुदा करणे हाही सत्रभर पुरेल असा विषय आहे.

रुग्णालयातील संमतिपत्रात चुकीला जागा नाही. औषधचाचणीत सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. येथे मराठी मसुदा दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत आणवून मूळ मजकुराशी ताडून पाहतात. ‘तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता’ हे वाक्य सौम्य होऊन ‘डॉक्टरांना विचारून माघार घ्या’ असे झाले, तर रुग्णाचा हक्कच गेला. असा मसुदा गावातल्या दोन-चार वाचकांना वाचायला द्यावा आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणसे भिडेखातर होकार देतात.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींत (धातूच्या ओतकाम कारखान्यांत) आणि यंत्रशाळांत सुरक्षासूचना हा असाच विषय. तेथे चित्र, आकडा आणि छोटे आज्ञार्थी वाक्य यांचा मेळ घालावा लागतो.

अध्यापनातली मोठी अडचण मूल्यमापनाची आहे. तीन भाषांतला मसुदा तपासायला त्या तिन्ही भाषा वाचणारा परीक्षक हवा. तो न मिळाल्यास मराठी आणि कन्नड विभागांतील प्राध्यापकांनी मिळून गुण द्यावेत, आणि मसुदा ज्याच्यासाठी लिहिला त्या वाचकाच्या प्रतिसादालाही त्यात काही गुण ठेवावेत.