झुडपी जंगल: नोंद आणि नोंदीखालचा मुरूम

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणून लागलेल्या जमिनी वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. वादाच्या केंद्रस्थानी होते सुमारे ८६ हजार हेक्टर. ही जमीन वनव्यवस्थापनाला अयोग्य, म्हणून वनाच्या व्याख्येतून मोकळी करावी, हा आग्रह जुना होता. ‘अयोग्य’ या शब्दामागे जमिनीचं एक खरं वैशिष्ट्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

नागपूरला वर्षाला ११०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांत येतो आणि नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत जमीन जवळपास कोरडीच असते. पाऊस दोन शिवारांत सारखाच पडला तरी रान वेगळं दिसतं, कारण ओल किती टिकणार हे मातीच्या खोलीवर ठरतं. खोल दुमट माती मीटरभरात साधारण १५० मिमी ओल झाडासाठी धरून ठेवते. ३० सेंमी मुरमाड थरात निम्मे दगडच असतील तर जेमतेम २० ते २५ मिमी. पाऊस उघडल्यावर झाडोऱ्यातून रोज ४-५ मिमी पाणी उडतं. म्हणजे मुरमावरची ओल पाच-सहा दिवसांत संपते, खोल मातीतली महिनाभर पुरते. मुरमावर पुढे जगतं ते झाड, ज्याची मुळं खडकाच्या भेगांत उतरतात किंवा जे वेळेवर पानं टाकून देतं. म्हणून तिथे सालई, मोई, धावडा, खैर उभे राहतात आणि मध्ये कुसळी, पवन्या ही गवतं. सालई तर पान नसतानाच फुलते.

वर्धा आणि नागपूरच्या पश्चिम भागात हा मुरूम बेसॉल्टचा. उतरणीवर, निचरा चांगला आणि चुना पुरेसा असेल तिथे साग जोमाने येतो. त्याच बेसॉल्टच्या सखल काळ्या मातीत मात्र तो रखडतो. ही चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात खोलवर भेगाळते आणि मुळं तोडते. तिथे बाभूळ, हिवर, पळस, बोर यांचं राज्य. भंडारा-गोंदियाकडे खाली ग्नाइस हा जुना, कठीण खडक; वरची माती रेताड, आम्लतेकडे झुकणारी. तिथल्या उथळ, खडकाळ जागी गराडी हे छोटं झाड दाटतं. तिचा पाला विषारी, जनावरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराई वाढली की बाकीची रोपं संपतात आणि गराडी पसरते. अशा इतक्या वेगळ्या रानांवर दप्तरात मात्र एकच शिक्का बसला आहे.

हा शिक्का मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, काळातला. गावाची चराई, सरपण, निस्तार (गावकऱ्यांच्या रोजच्या गरजा) यांसाठी राखलेली, नांगराखाली न येणारी जमीन, एवढाच त्याचा अर्थ होता. १९५० नंतर मालगुजारी गेली, जमीन सरकारजमा झाली आणि नोंद तशीच राहिली. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, म्हणून तशाच मुरमावर तिथे ही नोंद सापडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा हे दप्तरही सोबत आलं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश (सरकारी दप्तरात वन अशी नोंद असलेलं क्षेत्र, मालकी कुणाचीही असो, वनच) यांनी त्या जुन्या शब्दाला कायद्याचं वजन दिलं.

दरम्यान वनांच्या वर्गीकरणाने गोंधळ वाढवला होता. १९३६ मध्ये रचलेल्या आणि १९६८ मध्ये सुधारलेल्या वर्गवारीत सालईचं रान मातीमुळे घडलेला प्रकार म्हणून धरलं आहे, ते योग्यच. पण शुष्क पानझडी झुडुपरान आणि शुष्क गवताळ रान दोन्ही ‘अवनतीच्या’ रकान्यात गेली. मोठं जंगल तुटलं, म्हणून झुडपं उरली, हे त्यात गृहीत आहे. तोड आणि चराई झालेल्या जागी ते खरंही आहे. पण २५ सेंमीवर कठीण खडक लागतो तिथे उंच जंगल कधी दाट असेल, असं मानायला मातीत आधार नाही. इमारती लाकूड हेच माप धरलं की ही रानं नापास होणारच.

आता प्रश्न लागवडीचा. ही जमीन पर्यायी वनीकरणाला (दुसरीकडे वापरलेल्या वनाच्या बदल्यात करायच्या लागवडीला) सरसकट वापरण्यावर निकालाने बंधन घातलं आहे. वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र आणि दुप्पट क्षेत्रावर लागवड, ही अट आहे. तरीही जिथे लागवड होईल तिथे नेहमीची चूक टाळायला हवी. मुरमात ४५ सेंमीचा चौकोनी खड्डा खणला की तो हौद बनतो: ऑगस्टमध्ये पाणी साचून सागाची मुळं कुजतात, मार्चमध्ये तोच खड्डा भट्टीसारखा तापतो. आधी ऑगस्टच्या उघडिपीत चाचणी खड्डा पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर साग नकोच. खडक ३० सेंमीच्या आत लागला तर मोई-सालईच्या फांद्या पावसाच्या तोंडावर रोवाव्यात, धावडा-खैराचं बी टाकावं आणि गवत खणून काढू नये. चर खणताना वरची माती वेगळी ठेवून पुन्हा वरच टाकावी. मुरूम वर आला की पहिली काही वर्षं तिथे गवतही धड धरत नाही.